शौल, याकोब आणि दारात उभा असलेला आपला भाऊ

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: ज्या सख्ख्या भावाने आयुष्यभर श्रद्धेची टिंगल केली आणि जुन्या भांडणावरून बोलणे टाकले, तो आता ‘येशू मेलेल्यांतून उठला यावर माझा विश्वास बसला आहे’ असे सांगत क्षमा मागायला आला, असा माणूस खरोखर बदलतो, की हे चार दिवसांचे वारे आहे?

बदलू शकतो, मात्र कशामुळे बदलतो याविषयी एक ढोबळ समजूत आहे. मरणानंतरही जीवन आहे असा दिलासा मिळाला की कठोर माणूस मवाळ होतो, असे सांगितले जाते. पौलाच्या बाबतीत हे लागू पडत नाही. पौल, म्हणजे आधी येशूच्या अनुयायांचा छळ करणारा आणि पुढे प्रेषित झालेला शौल, परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथातला होता. सदूकी हा दुसरा यहुदी पंथ नाकारत असला तरी परूशी मृतांचे पुनरुत्थान आधीपासूनच मानत, आणि ते मानत असतानाच त्याने येशूचा अनुयायी स्तेफन याच्या वधाला संमती दिली होती. त्याची अडचण निराळी होती. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे झाडावर टांगलेला मनुष्य शापित, त्यामुळे वधस्तंभावर मेलेला मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, ही कल्पनाच त्याला असह्य वाटत असणार. त्याच शापित माणसाला देवाने उठवले अशी खात्री पटली तेव्हा त्याचा सगळा हिशेब उलटा झाला, कारण ज्यांना तो देवाच्या नावाने फरफटत तुरुंगात नेत होता तीच देवाची माणसे ठरली. मरणाची भीती जाणे हे पुढचे; आधी गेली ती आपलेच बरोबर असल्याची खात्री.

याकोबाची गोष्ट आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे, कारण तो येशूचा भाऊ. भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहानाचे शुभवर्तमान स्पष्ट सांगते. घरातल्या माणसाला पटवणे सर्वांत अवघड, हे आपल्याला सांगायला नको. तरीही इ.स. 55 च्या सुमारास लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात, पुनरुत्थित ख्रिस्त ज्यांना दिसला त्यांच्या यादीत याकोबाचे नाव आहे. पुढे तो यरुशलेमेतील मंडळीचा प्रमुख झाला आणि इ.स. 62 मध्ये दगडमाराने मारला गेला. हे शेवटचे जोसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवले आहे.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. येशूच्या अनुयायांना पकडायला दिमिष्क (दमास्कस) शहराकडे जाताना वाटेत शौलाला आकाशातून प्रकाश दिसला आणि येशूची वाणी ऐकू आली. त्यानंतर तो दिमिष्कात तीन दिवस आंधळा होऊन, अन्नपाण्यावाचून पडून होता. त्याच्याकडे जाण्याची प्रभूची आज्ञा झाली तिथल्या हनन्या नावाच्या शिष्याला, ज्याच्यासारख्यांना पकडायलाच शौल तिथे आला होता. हनन्याने आढेवेढे घेतले, या माणसाने किती छळ केला ते प्रभूलाच ऐकवले, आणि मग तो गेला. आत जाऊन त्याने शौलावर हात ठेवले आणि पहिला शब्द उच्चारला, ‘शौल भाऊ’. प्रकाश शौलाने पाहिला होता, हनन्याने नव्हे. तरी त्या खोलीत अनपेक्षितपणे बदललेली माणसे दोन होती.

उलट बाजूही सांगतो. पिंखास लापिडे या सनातनी यहुदी विद्वानाने येशूचे पुनरुत्थान ही घडलेली घटना मानली, पण ते अखेरपर्यंत यहुदीच राहिले. म्हणजे घटना मान्य केली की माणूस ख्रिस्ती होतोच असे नाही. शिवाय एखाद्याचे आयुष्य पालटले एवढ्यावरून घटना सिद्धही होत नाही. निरनिराळ्या श्रद्धांनी माणसे पालटलेली आहेत. आपल्या भावाची पारख करताना हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावेत.

पारखीसाठी वेळही द्यावा. गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की तीन वर्षांनी तो यरुशलेमेस गेला, पेत्राजवळ पंधरा दिवस राहिला आणि याकोबालाही भेटला. तिथले शिष्य तरीही त्याला भीत होते. त्यांच्यातल्याच बर्णबाने त्याला हाताला धरून नेले तेव्हा दार उघडले. तेव्हा भावाकडून आज साक्ष मागू नका आणि पश्चात्तापाचे मोजमापही काढू नका. ज्या व्यवहारावरून भांडण झाले तो त्याने आपणहून पुन्हा काढला का, आणि काढताना स्वतःची चूक नावानिशी सांगितली की ‘झाले गेले विसरू’ म्हणून बाजूला सारली, एवढे पाहा. तोवर त्याला आत बसायला सांगण्यास हरकत नसावी.