वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन जर्नल क्लब अबोल का होतो?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका प्रसूतिगृहात स्टाफ नर्स आहे. ठाणे, ऐरोली आणि वाशी येथील काही परिचारिका, दोन डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट असे आम्ही मिळून व्हिडिओ कॉलवर जर्नल क्लब, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे लेख वाचून त्यांवर चर्चा करणारा गट, सुरू केला. पाळ्या सांभाळून एका ठिकाणी जमणे कोणालाच शक्य नव्हते. आता मात्र एक जण स्लाइड वाचून दाखवतो, बाकीचे माइक बंद ठेवून ऐकतात आणि डॉक्टरांसमोर बोलायला आम्ही परिचारिका कचरतो. यावर उपाय काय? आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे क्रेडिट पॉइंट या वाचनाचे मिळतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या क्लबची अडचण इंटरनेटमुळे आलेली नसून लेख निवडण्याच्या पद्धतीतून आलेली दिसते. नियतकालिकात नवीन काय आले म्हणून लेख घेतला, की तो सादर करणाऱ्याचाच राहतो; वॉर्डात अडलेल्या प्रश्नासाठी घेतला, तर बोलण्यासारखे प्रत्येकाजवळ काहीतरी असते. विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी १८७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जर्नल क्लब सुरू केला, तेव्हा महागडी नियतकालिके वाटून घेऊन वाचणे हाही त्यामागचा हेतू होता. आज पुष्कळ लेख मोफत मिळतात; दुर्मीळ झाला आहे तो चौघांनी एकत्र बसून एक लेख नीट वाचण्याचा वेळ.

आपल्याच कामातले उदाहरण घ्या. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्तस्राव रोखणारे औषध द्यावे का, हे तपासणारी ‘वुमन’ चाचणी २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २१ देशांतील १९३ रुग्णालयांतल्या २०,०६० स्त्रियांचा तीत समावेश होता. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १९ टक्क्यांनी घटले, असे सांगितले की ऐकणारा लगेच प्रभावित होतो. तक्ता उघडल्यावर दिसते, की औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १.९ टक्के, तर मिळालेल्या गटात १.५ टक्के होते, म्हणजे हजार स्त्रियांमागे सुमारे चार मृत्यू टळले. माझ्या मते हा लाभ मोलाचाच आहे, परंतु दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय त्याचे खरे माप कळत नाही. शिवाय मृत्यू किंवा गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हा मुळात ठरवलेला एकत्रित निकष पाहिला, तर दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. असे का झाले असावे, आणि चाचणी चालू असताना संशोधकांनी मुख्य भर या निकषावरून रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंवर का वळवला, या दोन प्रश्नांवरच एक बैठक सहज रंगेल.

प्रसूतीपासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या स्त्रियांत रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १.७ वरून १.२ टक्क्यांवर आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही याच तीन तासांच्या मर्यादेची आहे. इथे परिचारिकेचा अनुभव डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या नर्सिंग होममधून पाठवलेल्या स्त्रीच्या संदर्भपत्रावर प्रसूतीची नेमकी वेळ लिहिलेली असते का? घोडबंदरच्या वाहतुकीत रुग्णवाहिका अडकली, तर त्या तीन तासांतले किती उरतात? औषधाची अँप्यूल रक्तस्रावाच्या ट्रेमध्ये असते, की रात्री फार्मसी उघडून आणावी लागते? यांची उत्तरे आपणच देऊ शकता, आणि ती दिली जातील तेव्हा कचरण्याचे कारण उरणार नाही.

म्हणून लेख आठवडाभर आधी गटावर पाठवा आणि स्लाइड शक्यतो टाळा. सूत्रसंचालन आळीपाळीने करा, आणि पहिले मत नेहमी सर्वांत कनिष्ठ सदस्याकडून घ्या, कारण वरिष्ठ एकदा बोलले की बाकीचे बहुधा मान डोलावतात. निष्कर्षाकडे वळण्याआधी स्त्रियांची गटवारी कशी केली आणि कोण वगळले गेले, हे पाहा. शेवटी वॉर्डात काय बदलायचे, किंवा काहीच का बदलायचे नाही, ते एका वाक्यात लिहून ठेवा. चर्चेत रुग्णाचे नाव, केसपेपरचे छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील कधीही येऊ देऊ नका.

क्रेडिटविषयी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरांना नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावे लागतात, परंतु ते परिषदेची मान्यता असलेल्या कार्यक्रमांचेच मोजले जातात. आपसांत भरवलेल्या क्लबचे ते मिळणार नाहीत. परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी वेगळ्या परिषदा आहेत, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या परिषदेकडे लेखी विचारणा करावी.