व्यक्ती, गाव आणि सरकार: पहिला मान कुणाचा?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘आधुनिक राजकीय विचारात व्यक्ती, समुदाय आणि राज्य यांत पहिला मान कुणाचा? खेड्यात राहणाऱ्याला यातलं काय पटतं? आणि ग्रामसभेलाच सगळे अधिकार देऊन टाकावेत का?’

मी भंडारा जिल्ह्यातली. घरी धानाची शेती आहे आणि तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. म्हणून पुस्तकातलं थोडक्यात सांगते आणि गावातलं जरा सविस्तर.

१६५१ मध्ये इंग्रज विचारवंत हॉब्जने राज्य कशासाठी याची मांडणी केली तेव्हा इंग्लंड यादवी युद्धाने पोळलेलं होतं. त्याचा माणूस एकटा आणि भेदरलेला आहे. जीव वाचावा म्हणून तो सगळी सत्ता राज्याच्या हाती देतो. त्याच्या नंतरचा इंग्रज विचारवंत लॉक, त्याच्या माणसाकडे राज्याच्या आधीपासूनच हक्क आणि मालमत्ता आहे, त्यामुळे राज्य त्याचं राखणदार ठरतं. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या रूसोने १७६२ मध्ये सामूहिक इच्छा (सगळ्यांच्या हिताची मिळून एक इच्छा) पुढे आणली, पण ती न मानणाऱ्याला ‘स्वतंत्र व्हायला भाग पाडावं’ असंही लिहून ठेवलं, आणि ते वाक्य मला आजही टोचतं. इंग्रज विचारवंत मिलने १८५९ मध्ये सांगितलं की सरकारच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम जास्त आत शिरतो, त्यातून सुटायला वाट कमी उरते. या सगळ्यांत मला मिल सर्वांत जवळचा. आमच्याकडे पोलीस क्वचित दिसतो, शेजारी मात्र रोज समोर असतो. १९७१ मध्ये अमेरिकन विचारवंत रॉल्सने व्यक्तीचे हक्क पुन्हा केंद्रस्थानी आणले. त्यावर समुदायाची बाजू घेणाऱ्या सँडेलसारख्या विचारवंतांचा आक्षेप असा की नाती, भाषा, परंपरा सगळं बाजूला काढून ठेवलेली व्यक्ती असतेच कुठे? आक्षेप खरा आहे. पण त्या नात्यांखालीच जो दबतो, त्याचं काय, हे आधी विचारायला हवं असं मला वाटतं.

आता तलावांकडे येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेले. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. बरेचसे गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली (आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारजमा झाले. ते होणं गरजेचंच होतं. मालगुजार वेठ घ्यायचा, पाणी आधी त्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) जायचं. पण पावसाळ्याआधी पाळीवर (तलावाच्या बांधावर) माती टाकणं, सांडवा नीट करणं, गाळ काढणं ही गावाने मिळून करायची कामं होती. मालकी सरकारकडे गेली आणि ‘तलाव सरकारचा, सरकार पाहील’ हे सगळ्यांच्या तोंडी बसलं. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, काठच्या शेतकऱ्यांनी तलावाच्या पोटातच धान लावलं. राज्याने एका माणसाची सत्ता मोडली आणि त्याच फटक्यात गावाची एकत्र काम करण्याची सवयही मोडली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच गोष्टींच्या अभ्यासासाठी. पाणी, जंगल, मासे यांसारखी सामायिक संपत्ती टिकवायला ती खासगी तरी करावी लागते किंवा सरकारी तरी, या समजुतीला त्यांनी धक्का दिला. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण केली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्यांनी अनेक देशांतल्या उदाहरणांवरून दाखवलं. मला हे पटतं. पण ‘वापरणारे’ कोण, यावर आमच्याकडे गाडी अडते.

एका ग्रामसभेत उन्हाळी धानासाठी तलावाचं पाणी सोडायचा विषय निघाला. पुरुष खुर्च्यांवर, बाया खाली दरीवर. मागून एक ढीवर समाजाची बाई उभी झाली आणि म्हणाली, ‘सारं पानी सोडान त मासोऱ्या कोठी ऱ्हातीन?’ तिच्या घरी शेत नाही, मासे हीच शेती. दोघा-तिघांनी तिला खाली बसवलं. ठरावात लिहिलं गेलं: सर्वानुमते मंजूर. गावाचा निर्णय म्हणून जे वर जातं त्यात तिचा सवाल कुठेच नव्हता, आणि ज्या हापिसात तो कागद गेला तिथे कुणाला तो शोधायचाही नव्हता.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकर गावाबद्दल इतकं कठोर का बोलले, हे अशा वेळी नीट कळतं. संविधानाच्या मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांना आनंद होता. (१९५४ मध्ये ते आमच्या भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि हरले होते, वर्गात हे सांगितलं की पोरं चमकतात.) इकडे १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहणारे गांधी ग्रामस्वराज्य मांडत होते. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करणं सोपं आहे. पण १९४६ मध्ये गांधींनी समाजाची कल्पना मांडली ती एकात एक पसरत जाणाऱ्या वर्तुळांची, आणि त्याच्याही मध्यभागी त्यांनी व्यक्तीच ठेवली होती. फरक असा की गांधींची व्यक्ती गावासाठी स्वतःहून झिजायला तयार आहे. बाबासाहेबांनी पाहिलेल्या व्यक्तीला गाव विचारत नव्हतं, तिला वेशीबाहेर ठेवत होतं.

२९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावाने ठार मारलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला, आणि त्या कायद्याने ग्रामसभेला जंगलावरचा सामूहिक हक्क दिला. आमच्या विदर्भाला या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात. गावाला हक्क हवा, हेही खरं. गाव मारूही शकतं, हेही खरं.

वनहक्क कायदा मी मुलांना मुद्दाम कलमांसकट शिकवते. वनजमिनीचा वैयक्तिक पट्टा जास्तीत जास्त ४ हेक्टरचा, तो विकता येत नाही आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. सामूहिक हक्क ग्रामसभेचा. त्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. उलट आपल्या नेहमीच्या ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. तहकूब सभेला तर तेवढीही लागत नाही. मग रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या-अंगठे गोळा होतात आणि ग्रामसभा ‘झाली’ म्हणतात.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्ही ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. लोक घोषणेवरच थांबतात. मला त्यांची निर्णयाची रीत जास्त मोलाची वाटते: तिथे बहुमताने ठरत नाही, सर्वसहमतीने ठरतं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो, पुन्हा बोलणं होतं. रूसोचं ते टोचणारं वाक्य इथे उलटं होतं, कारण न मानणाऱ्यासाठी अख्खं गाव थांबतं. यात वेळ फार जातो. आणि जिथे जातींत उभी फूट आहे तिथे सहमतीच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवलं जाण्याची भीती मोठी आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नावर माझं मत: पहिला मान व्यक्तीचा, त्यातही ‘नाही’ म्हणणाऱ्या व्यक्तीचा. ‘नाही’ म्हणूनही तिला त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच रोवणीत (धानलावणीत) राहता आलं, तरच त्या समुदायाच्या हाती अधिकार शोभतो. तेवढी हमी द्यायला राज्य हवंच. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. राज्याचं काम इथे आहे. आमच्या तलावातलं पाणी कोणत्या दिवशी सोडायचं हे ठरवायला त्याने येऊ नये.

तेव्हा सगळे अधिकार ग्रामसभेला द्यावेत का? तलाव, जंगल, चराई, वाळू, रोजगार हमीची कामं हे सगळं द्यावं, आणि कागदावर देऊन थांबू नये, पैशासकट द्यावं. कुणी कुणाशी लग्न करावं, कुणाला घरासाठी जागा मिळावी, कुणी कुठलं पाणी भरावं, यांतलं काहीही देऊ नये. पाण्याच्या प्रश्नावर मी आमच्या गावात एकच आग्रह धरून आहे: ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहेच, ती खरोखर भरवायची आणि ढीवर बायांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत ठरावाच्या वहीत उतरवायचं.