सी प्रोग्रामला फोल्डरमधली नावं दिसतात, पण स्टॅट म्हणतो ‘अशी फाइल नाही’. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीच्या तुमच्या नाट्यमंडळाच्या जुन्या संहिता स्कॅन करून ‘नाटकं’ नावाच्या फोल्डरात ठेवल्यात. प्रत्येक फाइलीचा आकार छापणारा प्रोग्राम लिनक्सवर सी भाषेत लिहिलात. त्याच फोल्डरात जाऊन चालवला तर ठीक. बाहेरून फोल्डरचं नाव दिलं की नावं येतात, पण स्टॅट (फाइलीची माहिती विचारणारं फंक्शन) प्रत्येक फाइलीला ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ म्हणतो. पुढे सगळ्यांची बेरीज करून ही यादी एका फाइलीत लिहून ठेवायची आहे.

रीडडिर (डिरेक्टरीतल्या, म्हणजे फोल्डरातल्या, नोंदी एकेक करून वाचणारं फंक्शन) तुम्हाला नुसतं नाव देतो, पूर्ण पाथ, म्हणजे फाइलीचा पूर्ण पत्ता, देत नाही. ते नाव तुम्ही तसंच्या तसं स्टॅटकडे दिलंत, आणि स्टॅट ते शोधायला गेला तुमच्या प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत, म्हणजे प्रोग्राम जिथून चालवलात तिथे. ‘नाटकं’शी त्याचा काही संबंधच आला नाही.

आता आउटपुट परत एकदा बघा. सगळ्या फाइलींना एरर आली असेल, पण ‘.’ (तीच डिरेक्टरी) आणि ‘..’ (तिच्या वरची) या दोन नावांना आली नसणार. ही दोन नावं प्रत्येक डिरेक्टरीत असतात, त्यामुळे स्टॅटला ती सापडली. फक्त त्यांचा छापलेला आकार भलत्याच डिरेक्टरीचा आहे. मला खरी भीती याचीच वाटते. दोन्हीकडे ‘अंक-१’ नावाची फाइल असती तर एरर आलीच नसती, चुकीच्या फाइलीचा आकार गुपचूप छापला गेला असता.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. एक, डिरेक्टरीचं नाव, तिरकी रेघ आणि फाइलीचं नाव एसएनप्रिंटएफ या मजकूर जोडणाऱ्या फंक्शनने जोडून पूर्ण पाथ बनवायचा. दुसरी, मला जास्त आवडणारी: डिरएफडीने उघड्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर (तिची ओळख सांगणारा आकडा) घ्यायचा आणि स्टॅटऐवजी एफस्टॅटअ‍ॅट वापरायचा. ‘या डिरेक्टरीत हे नाव शोध’ असं तो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, थेट सांगतो. जोडाजोडी नाही, बफर किती मोठा घ्यायचा ही चिंताही नाही. तुमच्या बाबतीत ही चिंता खरी आहे, कारण संहितांची नावं देवनागरीत आहेत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘संहिता’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण स, अनुस्वार, ह, वेलांटी, त, काना अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. एक्स्ट४ या लिनक्सवरच्या फाइलसिस्टममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. नाटक, लेखक, अंक, जत्रेचं साल असं सगळं नावात कोंबलं की ती लवकर संपते. कर्नलला भाषेशी देणंघेणं नाही; तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून नावात काहीही चालतं.

पण एवढ्यावर थांबू नका. डिरेक्टरी म्हणजे नेमकं काय हे एकदा समजलं की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात. डिरेक्टरी ही एक यादी: एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला आयनोडचा, म्हणजे फाइलीच्या माहितीच्या नोंदीचा, नंबर. मालक, परवानग्या, आकार, वेळा, डेटा डिस्कवर कुठे आहे, हे सगळं आयनोडमध्ये. फाइलीचं नाव मात्र त्यात नसतं. आपल्याकडे एकाच शेताला घरचे एक नाव घेतात, शेजारी दुसरं. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या) उताऱ्यावर सर्व्हे नंबर एकच. हार्ड लिंक म्हणजे हेच: नावं दोन, आयनोड एक. एलएस या यादी दाखवणाऱ्या कमांडला ‘आय’ पर्याय देऊन नंबर बघा, लगेच पटेल.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनला त्या युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही यादी फारच साधी होती. प्रत्येक नोंद १६ बाइटची, २ बाइट नंबराला आणि १४ नावाला, आणि प्रोग्राम डिरेक्टरी साध्या रीडने वाचत. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेत लांब नावं आली, नोंदी कमीजास्त लांबीच्या झाल्या. ओपनडिर-रीडडिर ही जोडी म्हणूनच लागते. आज लिनक्सवर डिरेक्टरीवर रीड चालवलात तर ‘ही डिरेक्टरी आहे’ अशी एरर येते.

फाइल पुसण्याचं कोडंही इथेच सुटतं. फाइल पुसणारं अनलिंक हे फंक्शन फक्त यादीतली नोंद काढतो. म्हणून केवळ-वाचनीय फाइलसुद्धा पुसता येते. परवानगी लागते ती डिरेक्टरीत लिहिण्याची. आणि शेवटचं नाव गेलं तरी एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडी ठेवली असेल तर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

बेरजेसाठी आतल्या फोल्डरांत उतरायचं असेल, तर ‘.’ आणि ‘..’ वगळाच, नाहीतर प्रोग्राम स्वतःभोवती फिरत राहील. सिम्बॉलिक लिंकमागे (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीमागे) जाऊ नये म्हणून एफस्टॅटअ‍ॅटला तसा फ्लॅग द्या. हार्ड लिंक दोनदा मोजली जाऊ नये यासाठी डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबर ही जोडी लक्षात ठेवा. तरीही तुमची बेरीज डीयू या जागा मोजणाऱ्या कमांडशी जुळणार नाही, कारण डीयू डिस्कवर खरोखर व्यापलेले ब्लॉक मोजतो. रीडडिर नल (रिकामं उत्तर) देतो तो यादी संपल्यावरही आणि एरर आल्यावरही. दर वेळी बोलावण्याआधी एररनो (शेवटच्या एररचा नंबर ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करा, तरच फरक कळेल.

आता यादी लिहिण्याचं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. फाइलीत लिहिणारा राइट यशस्वी झाला म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला असं नाही. तो अजून मेमरीत असू शकतो. शिवाय राइट सांगितल्यापेक्षा कमी बाइट लिहून परतू शकतो, म्हणून परत आलेला आकडा तपासून उरलेलं लूपमध्ये लिहा. जुनी यादी उघडून तिच्यावरच लिहायला जाऊ नका. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाची नवी फाइल करा, पूर्ण लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर डिस्कवर पोचवा), बंद करा आणि मग रीनेमने जुन्या नावावर आणा. रीनेम अर्धवट होत नाही: वाचणाऱ्याला जुनी यादी मिळेल किंवा नवी, मधली कधीच नाही. शेवटी त्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा, कारण बदललेलं नाव तिच्या यादीत आहे. तात्पुरती फाइल टेम्प फोल्डरात ठेवायचा मोह टाळा. तो वेगळ्या फाइलसिस्टमवर असेल तर रीनेम सरळ नकार देतो.

आधी एफस्टॅटअ‍ॅटचा बदल करा आणि प्रोग्राम एस्ट्रेसखाली (कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी दाखवणाऱ्या साधनाखाली) चालवा. गेटडेंट्स६४ (रीडडिर आतून करतो ती मागणी) ने यादी येताना आणि त्यामागून एकेका नावाची चौकशी होताना ओळीओळीने दिसेल. तिथे अडलात तर तेवढ्या ओळी इथे टाका, मी बघतो.