जपानी ‘सेई’ (生) या एकाच कांजीचे इतके उच्चार कसे लक्षात ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की जन्म आणि जगणं सांगणारी ही कांजी (म्हणजे चिनीतून जपानीत आलेलं अक्षर) जेमतेम पाच रेघांची, जपानी मुलं ती पहिलीतच गिरवतात, मग उच्चार इतके का आणि ते पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका. सरकारच्या जोयो यादीतच (रोजच्या वापरातल्या कांजींची यादी) तिचे बारा उच्चार आहेत. ते घोकून वाक्य वाचता येत नाही. शब्द शिका, उच्चार मागोमाग येतात.

आधी चित्र बघा: जमिनीतून वर आलेला कोंब. उगवणं, जन्मणं, जगणं हे सगळे अर्थ तिथूनच निघाले. अक्षराला हिरागानाची, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या साध्या जपानी अक्षरांची, शेपटी असेल (तिला ओकुरिगाना म्हणतात), तर उच्चार तीच सांगते. पुढे ‘किरु’ दिसलं की इकिरु, म्हणजे जगणं. ‘मारेरु’ असेल तर उमारेरु, जन्मणं. नुसतं ‘एरु’ असेल तर हाएरु: गवत उगवतं, बाळाला दात येतात, ते.

दुसऱ्या कांजीशी जोडून आली की बहुतेक वेळा ‘सेई’: गाकुसेई म्हणजे विद्यार्थी, सेन्सेई म्हणजे शिक्षक. ‘शो’ किंवा ‘ज्यो’ हा चीनमधून ‘सेई’च्याही आधी आलेला उच्चार, म्हणून बौद्ध शब्दांत तो भरपूर सापडतो. संस्कृतातल्या ‘सत्त्व’साठीचा शुज्यो हा त्यातलाच. रोजच्या बोलण्यातही तो आहे: वाढदिवस म्हणजे तांज्योबी.

मला सगळ्यात आवडतो तो ‘नामा’. प्रक्रिया न झालेलं, जसंच्या तसं. नामा तामागो म्हणजे कच्चं अंडं, नामा होसो म्हणजे थेट प्रक्षेपण, आणि नामा गोमी म्हणजे चक्क आपला ओला कचरा! इझाकायात (जपानी दारूच्या खानावळीत) बसल्या बसल्या लोक नुसतं ‘नामा’ म्हणतात आणि बिअर येते. जपानात उष्णता देऊन निर्जंतुक न केलेल्या बिअरलाच नामा म्हणता येतं, त्यामुळे हे अक्षर दुकानातल्या डब्यांवरही ठळक दिसतं. अशा पाट्या आणि डबे वाचत राहा, त्यासारखा सराव नाही.

शिबाफु, म्हणजे हिरवळ, यात मात्र तिचा उच्चार ‘फु’ होतो. तिथे नियम शोधू नका, अख्खा शब्दच लक्षात ठेवा.

लिहिताना डावीकडची तिरकी रेघ, वरची आडवी, मग उभी, आणि शेवटी उरलेल्या दोन आडव्या. चिनी शिकवणाऱ्या ॲपमध्ये उभी रेघ चौथी येते, तेव्हा जपानी क्रमच गिरवा.