मेथीच्या वाफ्यात गणित कुठे?

प्रश्न : मुलगी प्रयोगशील शाळेत तिसरीत आहे. महिनाभर वर्गाचं मेथीच्या वाफ्याचंच काम चाललंय. यात गणित, भाषा होते का?

उत्तर : होते, मोजमाप मुलांच्या हातात असेल तर. ६ फूट बाय ३ फुटांच्या वाफ्यावर फुटाफुटावर सुतळी ताणली की १८ चौकोन मोजता येतात. क्षेत्रफळाचं सूत्र पुढे येईलच. पेरणीआधी १०० बिया ओल्या फडक्यात बांधून तीन-चार दिवसांनी मोड आलेल्या मोजायच्या. मग एका चौकोनात बी १ सेंमी खोल पेरायचं, शेजारच्यात ५ सेंमी. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा (उत्तर फोडायचं नाही!). खोलवरचं बी उशिरा उगवतं, बरंचसं उगवतच नाही. वर येईपर्यंत त्यातला अन्नसाठा संपतो. नोंदीत ‘छान वाढली’ चालत नाही, ‘तीन पानं, उंची ४ सेंमी’ हवं. भाषा इथेच घडते. शेवटी जुड्यांची विक्री, बियाण्याचा खर्च वजा करून हिशेब.

१९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतरच्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवण्याच्या पद्धतीत, विषय असेच सूतकताईभोवती गुंफले होते.

फसतं कुठे? सुतळी बाई ताणतात, मुलं बघत बसतात. शिवाय भागाकाराचा सराव वाफ्यात पुरेसा होत नाही. त्याला रोज १५-२० मिनिटं वेगळी द्यावीच लागतात. तेवढा वेळ शाळा देते का, हे विचारा. आणि वही बघा. सगळ्यांच्या वहीत तीच वाक्यं असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत.