ऑकलंडच्या सुपरमार्केटात रात्री नऊनंतर बिअर-वाइन विकत नाहीत. असा निर्णय कौन्सिल घेऊ शकते का?

आपण विचारले आहे की रात्री सव्वानऊला सुपरमार्केटात दूध-भाजी मिळाली, पण वाइनची बाटली मात्र काउंटरवरच ठेवावी लागली. दुकान उघडे असताना केवळ मद्याची विक्री थांबवण्याचा अधिकार कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, कोणी दिला, आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांनी तो निमूटपणे मान्य कसा केला? मी बरीच वर्षे ऑकलंडमध्ये राहतो आणि हे प्रकरण जवळून पाहत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अधिकार संसदेने दिलेला आहे. न्यूझीलंडमध्ये २०१२ साली मद्याच्या विक्री व पुरवठ्याचा नवा कायदा झाला. बाटली घरी नेण्यासाठी विकणाऱ्या दुकानांना, म्हणजे ज्यांच्याकडे ऑफ-लायसन्स आहे अशांना, त्या कायद्याने सकाळी सात ते रात्री अकरा अशी देशभराची कमाल वेळ ठरवून दिली. पण त्याच कायद्याने प्रत्येक कौन्सिलला आपल्या हद्दीपुरते ‘स्थानिक मद्यधोरण’ करण्याची मुभाही दिली. विक्रीच्या वेळा, दुकानांच्या जागा, एखाद्या वस्तीत नवे परवाने द्यायचे की नाही, हे त्या धोरणात ठरवता येते. मसुदा करण्याआधी पोलीस, परवाना निरीक्षक आणि सार्वजनिक आरोग्य अधिकारी यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागते आणि नंतर तो हरकती-सूचनांसाठी नागरिकांपुढे ठेवावा लागतो. धोरण करण्याची सक्ती नाही, म्हणूनच गावोगावी वेळा वेगळ्या दिसतात.

कंपन्यांनी मात्र हे मुळीच निमूटपणे मान्य केले नाही. ऑकलंड कौन्सिलने आपले धोरण २०१५ मध्ये जाहीर केले आणि रात्री नऊची मर्यादा प्रत्यक्षात आली ९ डिसेंबर २०२४ रोजी. मधली सगळी वर्षे अपिलांत गेली. न्यू वर्ल्ड आणि पॅक-एन-सेव्ह ही दुकाने ज्या समूहाची आहेत तो फूडस्टफ्स, आणि तेव्हा काउंटडाउन या नावाने चालणारी वूलवर्थ्स, या दोन्ही साखळ्यांनी आधी परवाना प्राधिकरणाकडे आणि मग उच्च न्यायालयात दाद मागितली; तिथल्या निकालाविरुद्ध कौन्सिल अपील न्यायालयात गेली, आणि अखेरीस कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. कायद्यात अपिलाला एकच आधार होता : धोरणातली एखादी तरतूद कायद्याच्या उद्दिष्टाच्या दृष्टीने अवाजवी आहे असे दाखवणे. मद्याची विक्री आणि सेवन सुरक्षित व जबाबदारीने व्हावे आणि अतिसेवनाने होणारी हानी कमीत कमी राहावी, हे ते उद्दिष्ट. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिलच्या बाजूने निर्णय दिला आणि सावधगिरी म्हणून उचललेले पाऊल एवढ्यानेच अवाजवी ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. नऊच्या मर्यादेने नेमकी किती हानी टळेल याचा पक्का पुरावा हाती येईपर्यंत कौन्सिलने हातावर हात ठेवून बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

सुपरमार्केटांचा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. आमच्याकडे येणारा माणूस आठवड्याचा किराणा भरतो, त्यात एखादी वाइन घेतो. रस्त्यावर पिऊन गोंधळ घालणारा तो नव्हे, मग त्याची गैरसोय कशासाठी? शिवाय इथल्या सुपरमार्केटांना फक्त बिअर, वाइन अशी सौम्य पेये विकता येतात, व्हिस्की-रम नाही, आणि तीही दुकानात ठरवून दिलेल्या एकाच भागात मांडावी लागतात. हे सगळे खरे असले तरी मला ते पटत नाही. नऊनंतर विकली जाणारी बाटली बहुधा उद्याच्या जेवणासाठी नसते. घरी पिणे सुरू झालेले असते, आणलेले संपलेले असते आणि आणखी हवे असते, किंवा बारमधल्या महागड्या दरांपूर्वी स्वस्तात पिऊन घ्यायचे असते. त्या वेळी स्वस्त मद्य कुठून मिळते याचा विचार केला, तर सुपरमार्केटला वगळून केलेला नियम अर्धाच राहतो. आणि तसे केले असते तर तो अन्यायही ठरला असता. ऑकलंडमधली अनेक बॉटल स्टोअर्स भारतीय वंशाच्या कुटुंबांची आहेत. त्यांचा सगळा धंदा मद्यावर आहे, तर सुपरमार्केटला तांदळापासून साबणापर्यंत विकायला हजार वस्तू आहेत. छोट्याने नऊला शटर ओढायचे आणि समोरच्या मोठ्या दुकानाने अकरापर्यंत विकायचे, हे कोणत्याही न्यायात बसले नसते.

प्रत्यक्षात हे कसे चालते ते तुम्ही पाहिलेच आहे. आमच्या जवळच्या दुकानात नऊ वाजायच्या सुमारास एक कर्मचारी वाइनच्या रांगेच्या तोंडाशी पट्टा ओढतो. बाटली पावणेनऊला ट्रॉलीत ठेवली होती, हे सांगून उपयोग नसतो, कारण विक्री होते ती पैसे घेतले जातात तेव्हा. काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालू नये, एवढी विनंती मात्र मनापासून करतो; चूक झाली तर दुकानाचा परवाना धोक्यात येतो आणि बोलणी तिला खावी लागतात.

मला खंत वाटते ती गेलेल्या वर्षांची. दक्षिण ऑकलंडमधल्या ज्या वस्त्यांत दारूच्या दुकानांची दाटी आहे, तिथले लोक परवान्यांच्या सुनावण्यांना रजा काढून येत होते आणि समोर कंपन्यांचे वकील त्यांची उलटतपासणी घेत होते. काही कौन्सिलांनी तर खर्चाच्या धास्तीने धोरणाचा नाद सोडला. स्थानिक धोरणांवरचे अपील रद्द करावे, ही मागणी ऑकलंड सेंट्रलच्या खासदार क्लोई स्वॉरब्रिक यांनी लावून धरली होती, आणि २०२३ च्या सरकारी दुरुस्तीने ते खरोखरच रद्द झाले. न्यायालयीन पुनरावलोकनाचा मार्ग अजून खुला आहे, त्यामुळे कौन्सिलला मनमानी करता येईल ही भीती अनाठायी आहे. परवान्याच्या सुनावणीतली उलटतपासणीही त्याच दुरुस्तीने बंद झाली.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे नवखे वाटते, कारण आपल्याकडे परवाना आणि वेळा दोन्ही राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या हाती. जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आलाच नाही. पण या सगळ्यात आपल्या शहरात काय चालेल हे महापालिकेला कोणी विचारले नव्हते. आपल्याकडे स्थानिकांच्या हाती आहे ती आडवी बाटली. गावातल्या वा प्रभागातल्या बायकांनी सह्या गोळा करायच्या, मतदान मागायचे आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांना आडव्या बाटलीपुढे शिक्का मारायला लावायचा, तेव्हा कुठे दुकान बंद होते. त्या बायकांच्या चिकाटीबद्दल मला अतिशय आदर आहे. परंतु त्या मतपत्रिकेवर उभी आणि आडवी असे दोनच पर्याय असतात. ‘दुकान राहू दे, पण रात्री नऊला बंद कर’ असे सांगायची सोय तिथे नाही, आणि इथे ती आहे.

तुम्हाला ही मर्यादा चुकीची वाटत असेल तर तेही सांगता येते. धोरणाचा दर सहा वर्षांनी फेरविचार करावा लागतो आणि त्या वेळी कोणीही लेखी म्हणणे देऊ शकतो. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. एखाद्या विशिष्ट दुकानाबद्दल तक्रार असेल तर तेवढे थांबण्याचीही गरज नाही : परवान्याचा किंवा त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आला की दुकानावर सूचना लावली जाते, आणि २०२३ पासून हरकत घ्यायला तुम्ही त्या दुकानाच्या शेजारी राहत असलेच पाहिजे असे नाही. हरकत लेखी द्यावी, कायद्यातल्या निकषांना धरून लिहावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. परवान्याचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे प्रत्यक्ष बोलणाऱ्याच्या म्हणण्याला अधिक वजन मिळते.