ताट भिरकावणारी मुलगी

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी अकरावीत आहे. लहानपणापासून शांत, कधी उलटून बोलली नाही. गेल्या चतुर्थीला घर माणसांनी भरलं होतं. तिनं दुसरी नेवरी उचलली, तसे एक नातेवाईक म्हणाले, “पुरे गो बाये, दारात मावणार नाहीस.” सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून तिचं जेवण तुटत गेलं. आता सकाळची पेजसुद्धा नको असते. कपडे अंगावर लोंबतात, पाळी बंद झाली आहे. आणि राग तर विचारू नका! परवा हुमणात खोबरं जास्त दिसलं म्हणून ताट भिरकावलं आणि न्हाणीघरात कडी लावून बसली. हे म्हणतात, लाडानं शेफारली. खरंच तसं असेल का?
– एक आई, डिचोली

उत्तर : नाही, ती शेफारलेली नाही. ती आजारी आहे. वजन वाढण्याच्या भीतीनं जेवण तोडण्याचा हा आजार दिसतो, त्याला ॲनोरेक्सिया म्हणतात.

‘कधी उलटून बोलली नाही’ हे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया कौतुकानं सांगतात. त्या दिवशी ती हसली, पण तिला राग आला असणार. भरल्या घरात वडीलधाऱ्यांवर रागवायची मुभा आपण मुलींना देतो कुठे? मग तो राग त्या स्वतःवर काढतात, भूक मारून. एका टोमण्यानं असा आजार होत नाही. अंगचा कल, स्वभाव, वय असं बरंच काही त्यामागे असतं, तेव्हा स्वतःला बोल लावू नका.

आत्ताच्या रागात उपासमारीचाही मोठा वाटा आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण स्वखुशीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. ती माणसंही चिडचिडी झाली, त्यांच्या डोक्यात सतत अन्नच घोळू लागलं. हे तिच्या बाबांना जरूर वाचून दाखवा.

आणि ते खोबरं. ती तुमच्यावर चिडली नव्हती, खोबऱ्याला घाबरली होती. त्या आमटीत तिला वाढणारं वजन दिसत होतं. म्हणून ताटावर बसल्यावर वाद घालू नका, विनवण्याही नकोत. शांतपणे सांगा, “जेवण हे आत्ता तुझं औषध आहे, ते चुकणार नाही. बाकी कशावरही तू चिड, मी ऐकेन.” आणि तिचं संपेपर्यंत शेजारी बसा.

चतुर्थीचा विषय जेवणाच्या वेळी काढू नका. दोघीच असाल तेव्हा म्हणा, “त्यांना मी तेव्हाच गप्प करायला हवं होतं.” ती ओरडेल, तुम्हालाही बोलेल. बोलू द्या. ताट फेकायचं नाही, एवढं मात्र ठाम सांगा.

पण हे सगळं डॉक्टरांना दाखवल्यानंतरचं. पाळी बंद झाली आहे, म्हणजे थांबून चालणार नाही. याच आठवड्यात नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातले क्षार तपासून घ्या. न्हाणीघरात ती ओकते का, हे न रागावता विचारा. ओकण्यानं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे, मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आयपीएचबीही तिथेच आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. ती भोवळ येऊन पडली किंवा छातीत धडधडतं म्हणाली, तर मात्र फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.